लिमोगेसबाईंची भांडी

सोमवार, ता. ११ नोव्हेंबर १९५७

आज संकष्टी. शेजारच्या रंभाबाईंची म्हैस व्याली म्हणून त्यांच्याकडून खरवस आला. मला उपास, तेव्हा तो सगळा ह्यांनीच संपवला आणि दुपारी पोस्टाच्या टेबलावर डोकं टेकून झोपले. पोस्ट आमच्याच पडवीत, त्यामुळे आतून सगळं दिसतं. ते असो. खरवस ज्या ताटलीत आला तिच्याविषयी लिहायचं आहे.

ताटली वीतभर, पांढरी. उन्हाकडे धरली तर पलीकडची बोटं दिसावीत इतकी पातळ. काठाला सोनेरी रेघ, मध्ये निळ्या-गुलाबी फुलांची डहाळी आणि डहाळीवर एक मधमाशी. छापाचं काम नाही. छापाच्या पाकळ्या एकसारख्या येतात. इथे एक दुसरीसारखी नाही. कोणीतरी बसून हातानं रंगवली आहे. चिनीमातीची वस्तू मी घरात घेत नाही, तिच्यात हाडं घालतात असं ऐकून आहे. म्हणून बाहेर मोरीतच धुतली.

धुतल्यावर उपडी करून नाव बघितलं. भांडं हातात आलं की आधी नाव बघायचं, ही आईची शिकवण. लग्नामुंजीत भांडी इकडची तिकडे होतात, नावावरूनच ज्याची त्याला जातात. माझ्याकडचं प्रत्येक पातेलं, अगदी पळीसुद्धा, माझं नाव घालून घेतलेलं आहे. तर ह्या ताटलीखाली हिरव्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं: लिमोगेस. खाली फ्रान्स. शेजारी तांबड्या रंगाची एवढीशी कुयरी.

म्हणजे ताटली रंभाबाईंची नाहीच. फ्रान्समधल्या कोणा लिमोगेसबाईंची आहे. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात ठेवणं म्हणजे चोरी नव्हे, पण चोरीच्या भिंतीला भिंत.

मंगळवार, ता. १२

ताटली परत करायला म्हणून गेले आणि न करताच आले. रंभाबाईंच्या अंगणात तसलीच दुसरी, तिच्यात कोंबड्यांना कणी घातलेली. तिच्या मधमाशीवर कोंबडा चोच मारत होता. त्याला ती खरी वाटली असणार.

मी नावाचं सांगितलं. रंभाबाई म्हणाल्या, थोरल्या दोघी लेकींच्या लग्नात गेणबानं एकेक आहेर दिलीय, खाली मुंग्या काढल्यात का नाव काढलंय ते मला काय ठावं. मी म्हटलं, ती बाई वाट बघत असेल.

"इतकी वर्सं न्यायला आली न्हाई ती?"

"लांबची आहे ती."

"लांबची हाय तर लांबच ऱ्हाऊ द्या की."

तरी कोंबड्यांची ताटली त्यांनी दिली, बदल्यात मी जर्मनचा वाडगा दिला. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, फ्रान्स देऊन जर्मन घेतलेलं इतिहासात वाचलं होतं, तू उलटं केलंस. ह्यांना प्रत्येक गोष्टीत थट्टा. पहिली ताटलीही माझ्याकडेच राहिली. रंभाबाईंनी ती मागितली नाही, मीही आठवण केली नाही.

शुक्रवार, ता. १५

गेणबाकडे गेले. हा धरणावरच्या बंगल्याचा म्हातारा राखणदार. बंगला आता कुलपात असतो, पण साहेब होता तेव्हा त्याची मडम मोठ्या पंगती घालायची म्हणे. इंग्रज गेले तेव्हा तीही गेली, आणि जाताना काचसामान गेणबाला देऊन गेली. त्यानं काय करावं, तर पुढची चार-पाच वर्षं गावात कोणाचंही लग्न निघालं की नवरीला एक ताटली आहेर.

मी विचारलं, मडमचं नाव लिमोगेस होतं का. तो म्हणाला, "न्हाई बाई, हेलनबाय व्हतं."

बसल्या जागी मला उलगडा झाला. हेलनबाईंनीसुद्धा भांडी कधीतरी कार्याला मागून आणली आणि परत केली नाहीत. गोरी असली तरी बाईच ती. आता हे ओझं गेणबावरून गावावर आणि गावावरून माझ्यावर.

गेणबाकडे माठावर झाकण म्हणून एक ताटली निघाली आणि एक मोठं झाकणाचं भांडं, दोन बाजूंना कान असलेलं, पोटावर फुलांचा नुसता मळा. आत त्यानं सुकट भरून ठेवली होती. वास असा, की मी पदर नाकाला लावला. पण भांडं सोडलं नाही. त्याच्या भावाला दोन पत्रं लिहून देते म्हटलं, त्यावर त्यानं ते दिलं. चिंच लावून, राख लावून, पुन्हा चिंच लावून धुतलं. सात वेळा. शेवटी अंगावर गोमूत्र शिंपडून घेतलं, भांड्याच्या आणि माझ्याही.

मंगळवार, ता. १९

ताटल्या पडवीत ठेवल्या आहेत, टपालाच्या पिशव्यांच्या मागे. परक्याचं सामान माजघरात नको.

पाच झाल्या. दोन आळीतल्या बायकांनी आपण होऊन आणून दिल्या. दुसऱ्याचं नाव म्हटल्यावर त्याही घाबरल्या.

बुधवार, ता. २७

चंपाषष्ठी. भरीत-भाकरीचा नैवेद्य घेऊन भैरोबाच्या देवळात गेले, तर तिथे रंभाबाई आधीच बोलत होत्या. पोस्टाच्या बाई गावभर फिरून भांडी गोळा करत्यात, लिमोगेसबाय कुणी पाहिली न्हाई, फकस्त भांडी जाताना पाहिली. चारचौघांत म्हणाल्या. अकरा वर्षं ह्या गावात आहे, कोणाच्या ताकाला बोट लावलं नाही. लोकांची पत्रं वाचते, लिहिते, एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. माझा आवाज चढला असावा. म्हटलं, आणा बेलभंडारा.

बेलभंडारा उचलून बोलले: ही भांडी ज्याची त्याला पोचवीन, एकही ठेवून घेणार नाही.

मला शांत वाटलं. मग दर्शनाला वळले आणि बघते तर बहिरू गुरव देवावर धार धरतोय ती एका होडीसारख्या पांढऱ्या पात्रातून. एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला चोच, पोटावर डहाळी आणि मधमाशी. इतकी वर्षं मी ह्या देवाला नमस्कार करते आणि हे पात्र मला दिसलं नव्हतं. मागितलं तर गुरव म्हणाला, "ह्ये देवाचं हाय. गेणबानं देवालाबी आहेर दिलाय."

देवाशी हुज्जत घालायची नाही असं ठरवलं. शपथ घेताना पात्र दिसलं असतं तर शब्द जरा बेतानं वापरले असते.

गुरुवार, ता. ५ डिसेंबर

भिवाजी पाटलांकडे एक आहे असं कळलं. हे गावचे पोलीस पाटील. गेले तर स्वारी ओट्यावर दाढी करत बसलेली आणि साबणाचा फेस लिमोगेसबाईंच्या ताटलीत. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, अर्धी दाढी तशीच ठेवून. मग विचारलं, "मी मग फेस कशात करू बाई?"

घरून नारळाची चांगली खरडून गुळगुळीत केलेली करवंटी नेऊन दिली. तिला खर्च काही नाही आणि ती पडली तरी फुटत नाही. पाटलांनी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हिच्याखाली कुणाचं नाव न्हाई न्हवं.

मंगळवार, ता. १०

पत्र लिहिलं. मॅट्रिकला इंग्रजीत पंचावन्न मार्क होते, ते आज उपयोगी पडले. रिस्पेक्टेड मिसेस लिमोगेस, आपली भांडी सुखरूप आहेत, काळजी करू नये, कोणा मार्गाने पाठवावीत ते कळवावे. सर्व भांड्यांची चित्रं काढली, होडीचंसुद्धा, आणि तांबडी कुयरी काढली. हाडाविषयीही विचारलं, कारण बाईमाणसाला ते विचारायला हरकत नाही. शेवटी आपल्या घरी सर्वांना नमस्कार.

पत्ता घालताना हे शेजारी उभे होते. मी श्रीमती लिमोगेस, फ्रान्स, असं लिहिलं. ह्यांनी विचारलं, गावाचं नाव? म्हटलं, तेच तर माहीत नाही, नुसतं एवढंच घालते, देव पोचवील. ह्यांना एकदम खोकला आला, पडवीत जाऊन बराच वेळ खोकत होते. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी. आडुळशाचा काढा दिला. पत्रावर शिक्का मात्र नीट, अगदी मधोमध मारला. म्हणाले, पोचेल. इतकी खात्री ह्यांनी पूर्वी कुठल्याच टपालाची दिली नव्हती.

रविवार, ता. २२

बांगड्या भरणारी आबेदा आली होती. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, मौलाचा, फिरता धंदा, घोटावडे, लवळे सगळीकडे जाणं-येणं. मागे तिच्याजवळ बोलले होते, तर आमच्या गावच्या दिल्या घरच्या लेकींकडून तिनं ताटल्या आणल्या. घोटावड्याच्या दोन, लवळ्याची एक. बांगड्यांच्या पेटीत, पेंढा घालून. एकीला ओरखडासुद्धा नाही. तिनं त्या माझ्या हातात एकेक दिल्या आणि मी एकेक उन्हाकडे धरून बघितली. ती माझ्याकडे बघत होती.

"काही काही बांगड्या लई सोप्या चढत्यात बाई. उतरवताना मात्र साबण लागतो."

मी हातातल्या बघितल्या, त्या सैलच आहेत. तिचं लक्ष नसावं.

ताटल्या माजघरात आणल्या. पडवीत टपाल आपटतात. कोणा परक्या बाईची वस्तू माझ्या घरी फुटली तर मी तोंड कसं दाखवू? फळीवर उभ्या केल्या आहेत, दारातून आत आलं की दिसतात. लक्ष राहावं म्हणून.

मंगळवार, ता. १४ जानेवारी १९५८

संक्रांत. हळदीकुंकवाला तीस बायका. वाण म्हणून प्रत्येकीला एक खारीक दिली, उगाच नको तेवढे खर्च वाढवण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं लक्ष खारकेपेक्षा फळीकडे.

नऊ ताटल्या आणि मोठं भांडं आता देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात आहेत. माजघराच्या फळीला वाळवी लागेल अशी शंका आली होती. लागलेली नाही, पण शंका आली होती. रोज मऊ धोतराच्या फडक्यानं पुसते. पुसताना लक्षात आलं की प्रत्येक ताटलीवरची मधमाशी वेगळ्या फुलावर बसली आहे. एकीत तर ती नुकतीच उडाली आहे, पाय अजून पाकळीला टेकलेले. हे मी सोडून कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

रंभाबाईंनी कुंकू लावून घेता घेता विचारलं, "देवाच्या शेजारी गेल्या की. लिमोगेसबाय आली तर तिला कुटं बसवताय, चुलीफुडं?"

बायका हसल्या. कधी धाडणार, असंही एकीनं विचारलं. पत्राची वाट बघते आहे म्हणाले, आणि ते खरंच आहे.

शनिवार, ता. १ फेब्रुवारी

पत्र आलं नाही. पत्ता अपुरा म्हणून आता माझंच पत्र परत येईल असं वाटतं. वाटतं म्हणजे, तसं व्हावं असं वाटतं. परत आलं की मी माझ्याकडून सगळं केलं असं होईल, आणि मग भांडी इथे राहिली तरी त्याला ठेवून घेणं म्हणता येणार नाही. त्याला सांभाळणं म्हणतात.

गुरुवार, ता. ६

आलं.

टपाल आणणाऱ्या नथूनं पिशवी उघडली तीच त्या निळ्या पाकिटासाठी. तिकिटावर गोरी बाई. बाई हयात आहेत. माझ्या हातून चूल विझली, भात अर्धा राहिला.

आत सगळं फ्रेंच. एक अक्षर लागेना. पानाच्या कोपऱ्यात एक मधमाशी मात्र काढलेली होती, बोरूनं दोन फराट्यांत, पण आमचीच.

शनिवार, ता. ८

पुण्याला माझ्या दादाच्या ओळखीचे एक प्राध्यापक कॉलेजात फ्रेंच शिकवतात. पत्र त्यांच्याकडे पाठवलं, आशय मराठीत कळवावा म्हणून. सोबत उत्तरासाठी जोडकार्ड घातलं. हे म्हणाले, उत्तराला पाकीट घाल. मी म्हटलं, चार ओळींना पाकीट कशाला, कार्डावर मावेल. ह्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

बुधवार, ता. १९

नथूनं कार्ड आणलं. नेहमी तो टपाल टेबलावर टाकतो आणि पाणी मागतो. आज कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाई, आदी वाईच बसा. मग वाचा." ऊन फार आहे म्हणून म्हणाला असेल. चांगला मुलगा आहे.

प्राध्यापकांचं अक्षर मुंगीएवढं. तसंच उतरवून ठेवते.

‘सौ. भगिनी यांस सप्रेम नमस्कार. पत्राचा आशय असा. लिमोज (उच्चार असा करावा) हे बाईचे नाव नसून गावाचे नाव आहे. आपले पत्र कोणास द्यावे हे तेथील टपालवाल्यास उमगेना, तेव्हा ज्यांना इंग्रजी वाचता येते अशा एका वृद्ध गृहस्थांस त्याने ते दिले. हे तेथील चिनीमातीच्या कारखान्यात चाळीस वर्षे होते. ते लिहितात: ही भांडी विकूनच बाहेर गेलेली, त्यांचा मालक येथे कोणी नाही, आपण सुखाने वापरावीत, मात्र जोड मोडू नये. तांबडी खूण रंगविणाऱ्या स्त्रीची आहे. तिला नाव घालण्याची मुभा नसे. हाडाची राख इंग्रजी भांड्यांत असते, आमच्यात नुसती माती. होडीसारखे पात्र मांसाचा रस्सा वाढण्याचे. अशी जुनी हाताने रंगविलेली भांडी आता आमच्याकडेही मिळत नाहीत, शौकीन लोक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. कळावे.’

दोनदा वाचलं. मग देवापुढे बसले, पण मान कोनाड्याकडेच वळायची.

म्हणजे अख्खं गाव. भांड्यावर गावाचं नाव. हे मला आधी सुचायला हवं होतं. आपल्या देवळातल्या हंड्यावरही समस्त गावकरी असंच घातलेलं आहे. मी तीन महिने एका बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. गोरी, उंच, जरा वेंधळी, भांडी देऊन विसरणारी. ती नाहीच. जिनं खरंच ती रंगवली तिला साधं नाव घालू दिलं नाही. माझं पळीवर आहे.

हाड नाही हे वाचून बरं वाटलं. मग रश्शाचं वाचलं आणि अंगावर काटा आला. दहा वर्षं भैरोबाला त्यातून अभिषेक. हे गावात कळलं तर शुद्धी, ब्राह्मण, दक्षिणा, आणि गुरवाचं तोंड.

आणि ती शेवटची ओळ. ती वाचून पहिल्यांदा मनात आलं ते असं: हे कोणाला कळता कामा नये.

गुरुवार, ता. २०

कार्ड माझ्याशिवाय कोणी वाचलेलं नाही. हे पोस्टमास्तर, ते दुसऱ्याचं टपाल वाचत नाहीत. हे एक सुदैव.

शुक्रवार, ता. २१

मालक नाही म्हणजे शपथ फिटली असं काल दिवसभर स्वतःला समजावलं. पण ज्याची त्याला पोचवीन असं बोलले आहे. त्यांचा मालक तिकडे नाही, म्हणजे इकडे आहे. म्हणजे रंभाबाई, पाटील, गेणबा. वाटेल ती किंमत हे ऐकल्यावर जो तो आपली ताटली उचलून नेईल. पुण्याला कोणा दुकानदाराकडे एक, दुसऱ्याकडे दुसरी. आणि नुकती उडालेली मधमाशी कुठे जाईल कोण जाणे.

कार्ड चुलीत घालावं असंही मनात आलं. पण पत्र आलं हे नथूनं पाहिलंय.

रविवार, ता. २३

देवळात वाचून दाखवलं. पाटील, रंभाबाई, गेणबा, आळीतल्या बायका, दारात आबेदा, सगळे होते. गुरव गाभाऱ्यात होडी घासत होता. आज इतकी कशाला घासतोय कळेना, सकाळी अभिषेक झाला होता.

सावकाश वाचलं. गावाचं नाव आहे हे ऐकून कोणाला फारसं नवल वाटलं नाही. रंगवणाऱ्या बाईचं आलं तेव्हा रंभाबाईंनी नुसतं च् च् केलं. हाड नाही इथपर्यंत आले आणि मग सरळ ‘कळावे’वर गेले.

दोन ओळी गाळल्या. पहिली देवासाठी गाळली. दुसरी कोणासाठी गाळली ते वहीतसुद्धा लिहीत नाही.

मी थांबले तेव्हा नथूला ठसका लागला. पाटलांनी पागोटं काढून पुन्हा घातलं. गुरव वर कळसाकडे बघत होता. हवा कोंदट होती. मग पाटलांनी विचारलं, "सपलं?"

"संपलं."

"ह्येवढंच हाय?"

माझ्या हातात कार्ड होतं आणि समोर भैरोबा. म्हटलं, "एवढंच आहे."

पाटलांनी मान हलवली, सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं आणि निवाडा दिला. भांड्यावर गावाचं नाव, म्हणजे ती त्या गावच्या गावकीची. त्या गावच्या शहाण्या माणसानं हुकूम दिलाय की वापरा, पन जोड मोडू नगा. म्हणून त्या गावकीची भांडी आजपासून ह्या गावकीची. कुणाचं कार्य निघालं की त्यानं न्यावीत आणि परत आणावीत. राहता राहिलं ठेवायची कुठे. देवळात उंदीर, पाटलांकडे नातवंडं, गेणबाकडे सुकट. रंभाबाई म्हणाल्या, हायेत तितंच ऱ्हाऊ द्या, पोस्टाच्या बाई रोज पुसत्यात.

मी खाली बघून बरं म्हटलं. हसू येऊ नये म्हणून जीभ चावली होती. घरी येऊन बघितलं तर रक्त आलं होतं.

ह्यांनी जेवताना विचारलं, सगळं वाचलंस का. म्हटलं, हो, मुख्य मुख्य. ह्यांना पुन्हा खोकला. काढा संपला आहे.

सोमवार, ता. २४

आज देवासमोर बसवत नाही. कोनाडा शेजारीच आहे.

रविवार, ता. २ मार्च

परवा रंभाबाईंच्या धाकट्या लेकीची सुपारी फुटणार. विहिणींना फराळाला म्हणून नऊ ताटल्या न्यायला त्या आज आल्या. टोपली आणली होती, तळाशी पेंढा घातलेला. आबेदानं शिकवलं म्हणे. मी एकेक ताटली काढून देत होते आणि प्रत्येकीबरोबर बजावत होते. राख लावू नका. एकावर एक ठेवू नका. गरम घालू नका. पाचव्या ताटलीला रंभाबाई खाली बसल्या.

"बाई, ह्या लई किमतीच्या हायेत, ठाव हाय आमाला. जपू."

मी म्हटलं, कोणी सांगितलं?

"कारडात लिवलंय की. नथूनं देवळाच्या पायरीवर समद्यांना वाचून दावलं, तुमाला द्यायच्या आदी. कारडच ते, उघडंच असतंय. आमी म्हनलं दुसऱ्यांदा वाच, तर दुसऱ्यांदाबी वाचलं. गुरव तर तितनं उठूनच गेला, होडी घासाया."

माझ्या हातात सहावी ताटली होती. ती कशी पडली नाही मला कळत नाही. म्हणजे रविवारी मी वाचत होते आणि सगळं देऊळ आधीच जाणून बसलं होतं. पाटलांनी दोनदा विचारलं ते त्यासाठी. म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात, मी खोटं बोलले, तेही देवापुढे.

"बोलून काय करायचं? तुमी त्या वळी वाचल्या असत्या तर आमाला ऐकाव्या लागल्या असत्या. मंग पाटलानं त्येची मागितली असती, मी माज्या दोन मागितल्या असत्या, समदी पुन्याला गेली असती, आन् हितं वरीसभर भांडणं. आन् देवाचं म्हनाल तर इतकी वर्सं त्येला काय वास आला न्हाई व्हय? त्यो कदी बोलला न्हाई. आमी तरी कशाला बोलावं?" मग माझ्या हातातून सहावी काढून पेंढ्यात ठेवत म्हणाल्या, "पाटील इचारत व्हता, बाई वाचत्यात का गाळत्यात. तुमी गाळल्या. तवा आमी म्हनलं, हाय, बाई आपलीच हाय."

मी पुढच्या तीन मुकाट्यानं दिल्या. अकरा वर्षं खरं बोलले तर पोस्टाच्या बाई होते. लिहायला बसले आहे तरी राग येत नाही, आणि यायला हवा तेवढी लाजही येत नाही. उद्या सोमवारचा उपास जरा कडक करावा.

रंभाबाई टोपली डोक्यावर घेताना म्हणाल्या, मोजून घेतल्या न्हवं? म्हटलं, घरच्या घरात मोजायचं काय. त्या गेल्या. कोनाड्यात नुसतं मोठं भांडं राहिलं.

चार वाजता विरजण मागायचं निमित्त काढून त्यांच्याकडे जाऊन आले. नऊच्या नऊ आहेत.